झॅम्प, वॅम्प, नोड, डॉकर सगळं टाकलं आणि काहीच चालेना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बीसीएचं पहिलं वर्ष, विंडोज ११चा लॅपटॉप, ८ जीबी रॅम. वेब डेव्हलपमेंट शिकायची म्हणून एक व्हिडिओ बघून झॅम्प टाकलं, दुसरा बघून वॅम्प, तिसऱ्यात नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) सांगितलं म्हणून तेही, आणि ‘प्रोफेशनल लोक डॉकरच वापरतात’ असं कुणीतरी म्हणाल्यावर डॉकर, म्हणजे प्रोजेक्टला लागणारं सगळं सामान एका बंद डब्यात चालवणारं साधन. आता झॅम्पमधला अपाची (पानं पुरवणारा सर्व्हर) क्षणभर पेटतो आणि विझतो, पीएचपीची फाइल उघडली की नुसता कोड दिसतो, आणि एकदा नशिबाने फॉर्म चालला तेव्हा मराठीत भरलेल्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं आली. तर आता विंडोज काढून उबुंटू लिनक्स टाकू का?

नका टाकू. निदान या कारणासाठी तरी नका. उबुंटू चांगलंच आहे, पण ज्या चुकांमुळे इथे अडलंय त्या तिथेही तितक्याच सहज करता येतात. मी सांगलीत वेबसाइटची छोटी-मोठी कामं करते: शाळा, पतसंस्था, मंगल कार्यालयं, एखादा दवाखाना. दरवर्षी दोन-तीन मुलंमुली इंटर्न म्हणून येतात आणि त्यांचा पहिला आठवडा लॅपटॉप निस्तरण्यातच जातो. जवळपास प्रत्येकाकडे तुमच्यासारखाच संसार असतो. भांडी भरपूर, चूल एकही पेटत नाही.

आधीच एक सांगून ठेवते. हे मी फोनवर मराठी कीबोर्डने लिहितेय, त्यामुळे कमांड आणि फोल्डरची नावंही देवनागरीत दिसतील. तुम्ही ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची आहेत.

तुम्हाला वाटतंय की योग्य सॉफ्टवेअर निवडता आलं नाही. मला तसं वाटत नाही. ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून पान दिसेपर्यंत मधे कोण कोण काम करतं, हे कुणी सांगितलेलंच नाही आणि त्याआधीच तुम्ही एकच काम करणारी दोन-दोन यंत्रं बसवून ठेवली आहेत. झॅम्प आणि वॅम्प हे दोन वेगळे विषय नाहीत. दोन्हींत अपाची, पीएचपी आणि डेटाबेस हेच सामान आहे, फक्त पिशवी वेगळी. तुमच्या तीन तक्रारी मात्र तीन वेगळे आजार आहेत. त्यांवर एकच गोळी शोधत बसलात म्हणून गोंधळ वाढला.

सगळ्यात सोपी तक्रार आधी: पीएचपीऐवजी कोड दिसणं. फाइल उघडलीत तेव्हा ब्राउझरच्या ॲड्रेस बारमध्ये काय होतं ते बघा. सुरुवात ‘फाइल’, कोलन आणि तीन स्लॅश अशी असेल तर तुम्ही ती फाइल फोल्डरमधून थेट ब्राउझरमध्ये ओढली आहे. ब्राउझरला एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट कळतं; पीएचपीचं त्याला ओ की ठो कळत नाही. ते चालवायचं काम सर्व्हरचं. अपाची ती फाइल पीएचपीकडे देतो, पीएचपी कोड चालवून त्यातून एचटीएमएल काढतं, आणि तेवढंच ब्राउझरकडे जातं. म्हणून पत्ता ‘लोकलहोस्ट’ने सुरू व्हायला हवा, आणि फाइल झॅम्पच्या एचटीडॉक्स फोल्डरच्या आत हवी. ती डेस्कटॉपवर असेल तर अपाचीला दिसणारच नाही.

खात्री करायची एक पद्धत मी प्रत्येक इंटर्नला पहिल्या दिवशी दाखवते. पान उघडा, राइट क्लिक करून ‘व्ह्यू पेज सोर्स’ बघा. तिथे पीएचपीची एकही ओळ दिसता कामा नये. दिसली तर सर्व्हर मधे आलाच नाही, मग कोडमध्ये चूक शोधण्यात रात्र घालवू नका. व्हीएस कोड या एडिटरमधलं लाइव्ह सर्व्हर वापरून पीएचपी उघडणाऱ्यांचीही हीच गत होते. ते एक्स्टेंशन एचटीएमएलसाठी फार छान आहे, ५५०० पोर्टवर पान उघडतं आणि फाइल सेव्ह केली की पान आपोआप ताजं होतं, पण पीएचपी चालवणं त्याच्या गावीही नाही. नावात सर्व्हर आहे म्हणून मुलं फसतात.

‘लोकलहोस्ट’ म्हणजे दुसरं काही नाही, तुमचाच लॅपटॉप. त्याचा आकडी पत्ता १२७.०.०.१. या पत्त्यावरची मागणी वायफायपर्यंतही पोचत नाही, आतल्या आत वळते. म्हणून इंटरनेट बंद असतानाही तुमची साइट तुमच्याकडे चालते. आणि म्हणूनच ती फक्त तुमच्याकडेच चालते. माझ्याकडच्या एका मुलीने मोठ्या हौसेने आपल्या पहिल्या पानाची लोकलहोस्टची लिंक सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. मामा म्हणाले, उघडत नाही. काका म्हणाले, माझ्याकडे पण नाही. आत्याने मात्र ‘खूप छान बेटा’ लिहिलं.

आता अपाचीचं विझणं. इथे पोर्ट समजून घ्यावा लागतो. एसटी स्टँड डोळ्यांसमोर आणा. स्टँड एकच, पण फलाट अनेक. कोल्हापूरची गाडी अमुक फलाटावर, मिरजेची तमुक. एका फलाटाच्या खाचेत एक गाडी उभी असेल तर दुसरी तिथे लागू शकत नाही. ती बाहेरच हॉर्न वाजवत राहणार. तुमचा लॅपटॉप म्हणजे स्टँड आणि पोर्ट म्हणजे फलाट. साध्या वेबचा ठरलेला पोर्ट ८०, सुरक्षित वेबचा ४४३, मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेसचा ३३०६. वॅम्प सुरू असेल तर त्याच्या अपाचीने ८० आधीच धरलेला असतो. झॅम्पचा अपाची येतो, जागा नाही बघतो आणि बंद पडतो. कंट्रोल पॅनेल म्हणतं ‘शटडाउन अनएक्स्पेक्टेडली’. त्यात अनपेक्षित काहीच नसतं.

अंदाज बांधू नका, बघा. झॅम्पच्या कंट्रोल पॅनेलमध्ये उजव्या कडेला ‘नेटस्टॅट’ नावाचं बटण आहे. ते दाबलं की कोणत्या पोर्टवर कोणता प्रोग्रॅम बसलाय याची यादी येते. ८०च्या समोर काय आहे ते वाचा. ‘एचटीटीपीडी’ दिसलं तर तो दुसरा अपाची, म्हणजे तुमच्या बाबतीत बहुधा वॅम्पचा. तिथे ‘सिस्टिम’ आणि प्रोसेस क्रमांक ४ दिसला तर विंडोजने स्वतःच ८० धरलाय. मग बहुतेक वेळा आयआयएस हा विंडोजचा आपला वेब सर्व्हर चालू असतो. सर्व्हिसेसच्या यादीत ‘वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस’ शोधा, ती थांबवा आणि तिचा स्टार्टअप प्रकार ‘मॅन्युअल’ करून ठेवा.

पोर्ट बदलून टाका, असा सल्ला बरेच जण देतात. अपाचीच्या कॉन्फ फाइलमध्ये ‘लिसन ८०’च्या जागी ‘लिसन ८०८०’ लिहायचं आणि पुढे कायम लोकलहोस्टनंतर कोलन ८०८० टाइप करायचं. चालतं ते. पण मी नवशिक्याला शक्यतो सांगत नाही. एक तर सगळ्या व्हिडिओंमध्ये नुसतं लोकलहोस्ट असतं आणि तुम्ही दर वेळी आकडा विसरणार. दुसरं, ८०८० मोकळाच असेल याचीही खात्री नाही. जावा शिकताना टॉमकॅट हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर ते तिथेच बसतं, आणि प्रॅक्टिकलसाठी ओरॅकल एक्सई या डेटाबेसची जुनी ११जी आवृत्ती टाकली असेल तर तीही ८०८०च मागते. भांडण मिटवायचं सोडून शेजारच्या गल्लीत न्यायचं, असं होतं ते.

तुमच्यासाठी सरळ उपाय म्हणजे वॅम्प काढून टाकणं. झॅम्प चांगलं आणि वॅम्प वाईट असं काही नाही, दोन्हींपैकी एकच हवं. मी झॅम्प ठेवायला सांगतेय कारण ते विंडोज, मॅक आणि लिनक्सवर सारखंच मिळतं आणि अडल्यावर विचारायला माणसं जास्त सापडतात. काढण्याआधी वॅम्पच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डरमधल्या तुमच्या फाइली बाजूला कॉपी करा, आणि पीएचपीमायॲडमिनमधून (ब्राउझरमध्ये डेटाबेस हाताळायचं साधन) डेटाबेस एक्स्पोर्ट करून ठेवा. घाईत अनइन्स्टॉल करून दोन महिन्यांचा मिनी प्रोजेक्ट घालवलेली मुलं मी बघितली आहेत.

डेटाबेसचं भांडण याच प्रकारचं, फक्त जागा ३३०६. कॉलेजच्या डीबीएमएसच्या तासासाठी तुम्ही मायएसक्यूएल वेगळं टाकलं असेल तर ते सर्व्हिस म्हणून नोंदलं जातं आणि विंडोजसोबत आपोआप सुरू होतं. मग झॅम्पच्या डेटाबेसला फलाट मिळत नाही. सर्व्हिसेसमध्ये ते ‘मॅन्युअल’वर टाका, लागेल तेव्हा हाताने सुरू करा. झॅम्पमध्ये बटणावर ‘मायएसक्यूएल’ लिहिलेलं असलं तरी २०१५पासून आत मारियाडीबी आहे. शिकण्याच्या टप्प्यावर फरक जाणवणार नाही, पण मुलाखतीत विचारलं तर गोंधळू नका.

एक इशारा मात्र देऊन ठेवते. झॅम्पचा डेटाबेस चालू असताना लॅपटॉप थेट बंद केला किंवा डेस्कटॉपची वीज गेली तर कधीकधी तो पुन्हा सुरूच होत नाही. मग व्हिडिओ सांगतात की ‘डेटा’ फोल्डर उडवा आणि ‘बॅकअप’ फोल्डर त्या जागी टाका. तो ‘बॅकअप’ तुमच्या डेटाचा नसतो! इन्स्टॉल करताना आलेला कोरा संच असतो तो. त्यामुळे ‘डेटा’ फोल्डर कधीही उडवायचा नाही, नाव बदलून बाजूला ठेवायचा. आणि दर आठवड्याला एक एक्स्पोर्ट. कंटाळवाणं आहे, पण दोन मिनिटांचं आहे.

आता प्रश्नचिन्हं. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इंग्रजीतले बहुतेक व्हिडिओ हे सांगतच नाहीत. त्यांना गरजच पडत नाही.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडे कळतात. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर म्हणायचं याचा करार म्हणजे एन्कोडिंग. यूटीएफ-८ या करारात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. ‘मराठी’ या शब्दात खुणा पाच: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. म्हणजे पंधरा बाइट. पीएचपीत ‘स्ट्रलेन’ने या शब्दाची लांबी मोजली तर उत्तर १५ येतं, ‘एमबी-स्ट्रलेन’ने मोजली तर ५. स्वतः करून बघा, पुस्तकातल्या दहा पानांपेक्षा जास्त समजेल.

आता तुमच्या टेबलात ‘मराठी’ भरल्यावर प्रश्नचिन्हं किती आली ते मोजा. पाच आली असतील तर डेटाबेसला ती पाच अक्षरं नीट ओळखू आली होती, पण ठेवायला जागा नव्हती. टेबल ‘लॅटिन१’ या जुन्या करारावर बनलेलं असणार. त्यात देवनागरीला घरच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवून ते मोकळं होतं. लॅटिन१ कुठून आलं? मायएसक्यूएलचा जन्म स्वीडनमधल्या कंपनीत झाला आणि अनेक वर्षं त्याची न सांगता लागू होणारी सेटिंग ‘लॅटिन१ स्वीडिश’ होती. २०१८च्या ८.० आवृत्तीपासून ती ‘यूटीएफ८एमबी४’ झाली. पण जुन्या धड्यांतल्या एसक्यूएल फाइलींच्या शेवटी अजून ‘कॅरसेट=लॅटिन१’ लिहिलेलं असतं आणि आपण ते आहे तसं पेस्ट करतो. तुम्ही तेच केलं असेल, पैजेवर सांगते.

यातली वाईट बातमी अशी की टेबलात साठलेली प्रश्नचिन्हं परत अक्षरं होत नाहीत. मूळ बाइट गेलेले असतात. पीएचपीमायॲडमिनमध्ये ते टेबल उघडून बघा. तिथेही प्रश्नचिन्हंच असतील तर डेटा गेला, पुन्हा भरावा लागेल. तिथे नाव नीट मराठीत दिसतंय आणि फक्त तुमच्या पानावर प्रश्नचिन्हं असतील तर डेटा शाबूत आहे, पीएचपी आणि डेटाबेसमधलं बोलणं चुकीच्या करारावर चाललंय. तिसरा प्रकारही भेटेल: प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर तिरपी रेघ असलेल्या परदेशी ‘ए’ची लांबलचक माळ. ती दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा बरी होणारी, कारण बाइट तेच असतात, वाचणारा चुकीचा चष्मा लावून बसलेला असतो.

दुरुस्ती चार ठिकाणी. फाइल यूटीएफ-८मध्ये सेव्ह करा. व्हीएस कोड तसंच करतो, खालच्या पट्टीवर उजवीकडे लिहिलेलं दिसतं. एचटीएमएलच्या हेडमध्ये मेटा कॅरसेट यूटीएफ-८ लिहा. डेटाबेस बनवताना कोलेशन (अक्षरं जुळवायचा आणि क्रम लावायचा नियम) ‘यूटीएफ८एमबी४ युनिकोड सीआय’ निवडा. आणि कनेक्शन जोडल्यावर लगेच ‘सेट कॅरसेट’ने यूटीएफ८एमबी४ सांगा. नुसतं ‘यूटीएफ८’ निवडू नका. मायएसक्यूएलमधलं ते जुनं नाव तीन बाइटांपर्यंतच जातं. देवनागरी त्यात मावते, पण कुणी नावापुढे इमोजी टाकला की गाडी अडते, कारण त्याला चार बाइट लागतात.

हे मी कशी शिकले तेही सांगते. सुरुवातीच्या काळात एका गावातल्या वाचनालयाची पुस्तकसूची बनवत होते. माझी चाचणी म्हणजे ‘टेस्ट, टेस्ट, एबीसी’. सगळं हिरवं. मग तिथल्या काकांनी दोन संध्याकाळी बसून शे-दोनशे पुस्तकांची नावं भरली आणि तिसऱ्या दिवशी फोन केला, ‘ताई, सगळीच पुस्तकं आम्हालाच प्रश्न विचारतायत.’ ती नावं मी रजिस्टरवरून स्वतः पुन्हा टाइप केली. तेव्हापासून माझी चाचणीची नावं ठरलेली आहेत: ‘ऱ्हस्व’, ‘ज्ञान’, ‘कृष्णा’ आणि ‘ॲड.’ हे नुसते शब्द नाहीत, प्रत्येकात काहीतरी अडणारं आहे. ऱ्हमधला तो विशेष र, ज्ञचं जोडाक्षर, ऋकार. आणि ॲ तर युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये तिथे चौकोन दिसतो.

तर मग ठेवायचं काय? हे तुम्ही पुढचे दोन-तीन महिने काय शिकणार यावर अवलंबून आहे, आणि त्यातला निम्मा निर्णय तुमचा सिलॅबस घेतो. नुसतं एचटीएमएल, सीएसएस आणि सुरुवातीची जावास्क्रिप्ट असेल तर व्हीएस कोड, लाइव्ह सर्व्हर आणि ब्राउझर पुरे. अपाचीचं नावही नको. पीएचपी आणि डेटाबेस असेल तर त्यात झॅम्प जोडा. रिॲक्ट या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीकडे जायचं असेल तर नोड, आणि तेव्हा झॅम्प बंद ठेवलं तरी बिघडत नाही, कारण ती मंडळी आपापला छोटा सर्व्हर सोबत आणतात.

नोडबद्दल थोडंच. साइटवरून ‘एलटीएस’ (दीर्घकाळ सांभाळली जाणारी) लिहिलेली आवृत्ती घ्या, सगळ्यात नवी नको. टाकल्यावर आधीपासून उघडी असलेली टर्मिनलची खिडकी बंद करून नवी उघडा, नाहीतर ‘नोड ओळखता येत नाही’ असं उत्तर येतं आणि लोक पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. जुन्या खिडकीला नवा पाथ, म्हणजे प्रोग्रॅम कुठे शोधायचे ती यादी, माहीत नसतो, इतकंच. दुसरं, पॉवरशेल या विंडोजच्या टर्मिनलमध्ये ‘एनपीएम’ (नोडची पॅकेजं आणणारी कमांड) चालवलं की लाल अक्षरांत ‘रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड’ येऊ शकतं. नोड बिघडलेलं नाही. विंडोजची सुरक्षेची सेटिंग आहे ती. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये तीच कमांड चालवा, चालेल. आणि रिॲक्टचा व्हिडिओ ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ने सुरू होत असेल तर तो सोडून द्या. ते नव्या कामासाठी वापरू नका असं रिॲक्टच्या चमूने २०२५च्या फेब्रुवारीत जाहीर केलंय. सुरुवातीला ‘वीट’ नावाचं साधन घ्या, ते ५१७३ पोर्टवर उघडतं.

डॉकर काढा. वाईट म्हणून नाही. तुमच्या ८ जीबीत ते आत्ता परवडत नाही. विंडोजवर डॉकर बहुधा डब्ल्यूएसएल २ या विंडोजमध्येच लिनक्स चालवणाऱ्या सोयीच्या आधाराने चालतं आणि ते न सांगता निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं. टास्क मॅनेजरमध्ये ‘व्हीएममेम’ नावाची ओळ बघा, लॅपटॉप का धापा टाकतोय ते कळेल. चार माणसं एकाच प्रोजेक्टवर काम करतात, प्रत्येकाकडे पीएचपीची वेगळी आवृत्ती असते, ‘माझ्याकडे तर चालतंय’ यावरून भांडणं होतात, तेव्हा डॉकरची किंमत कळते. तुम्ही अजून एकटे आहात. लिनक्सची सवय करायचीच असेल तर पुढे कधीतरी विंडोजच्या आतच डब्ल्यूएसएलमध्ये उबुंटू घ्या. विंडोज पुसायची गरज नाही, आणि घरी तोच लॅपटॉप बहिणीच्या ऑनलाइन क्लासलाही लागत असेल तर मुळीच नाही.

काही बारीक गोष्टी आहेत ज्यांनी माझे सगळ्यात जास्त तास खाल्ले. विंडोज फाइलीचं शेपूट लपवतं. नोटपॅडमध्ये ‘इंडेक्स.पीएचपी’ म्हणून सेव्ह केलेली फाइल प्रत्यक्षात ‘इंडेक्स.पीएचपी.टीएक्सटी’ असते आणि तुम्हाला दिसत नाही. फोल्डरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘शो’ खाली ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’वर टिक करा, आजच. कामाचं फोल्डर डेस्कटॉपवर ठेवू नका. विंडोज ११मध्ये डेस्कटॉप बऱ्याचदा वनड्राइव्हशी जोडलेला असतो आणि नोड मॉड्यूल्स या पॅकेजांच्या फोल्डरमधल्या हजारो चिमुकल्या फाइली तो वर चढवत बसतो. सी ड्राइव्हवर थेट एक फोल्डर करा, नावात मोकळी जागा नको, मराठी अक्षरं नकोत. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण फोल्डरच्या नावात नको.

आणि फाइलींची नावं सगळी लहान लिपीत ठेवा. विंडोजला मोठं ‘एल’ आणि लहान ‘एल’ सारखंच, पण साइट जिथे चढवणार तो सर्व्हर बहुतेक वेळा लिनक्स, आणि त्याला ती दोन वेगळी नावं वाटतात. एका शाळेच्या साइटवर माझ्या लॅपटॉपवर झळकणारा लोगो आणि मुख्याध्यापकांचा फोटो चढवल्यावर गायब झाला होता. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलीचं शेपूट मोठ्या अक्षरांत होतं, मी कोडमध्ये लहान लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. रात्री साडेअकराला कारण सापडलं.

जुन्या व्हिडिओंचंही बघा. त्यात ‘मायएसक्यूएल अंडरस्कोर कनेक्ट’ दिसलं तर धडा मुदतबाह्य. २०१५च्या डिसेंबरात आलेल्या पीएचपी ७मधून ते काढून टाकलंय. आता ‘मायएसक्यूएलआय’ किंवा ‘पीडीओ’. तुमचा कोड शंभर टक्के व्हिडिओसारखा असूनही चालत नसेल तर आधी व्हिडिओची तारीख बघा.

आज रात्री एवढंच करा, याच क्रमाने. फाइली आणि डेटाबेस बाजूला काढून ठेवा. वॅम्प आणि डॉकर काढा, लॅपटॉप रीस्टार्ट करा. नोड राहू दे, ते पडून राहिलं तर काही खात नाही. झॅम्पमध्ये फक्त अपाची सुरू करा. एचटीडॉक्समध्ये ‘सराव’ असं फोल्डर, नाव अर्थात इंग्रजी अक्षरांत, आणि त्यात पीएचपीइन्फोची एका ओळीची फाइल. लोकलहोस्ट, स्लॅश, सराव, स्लॅश फाइलचं नाव. जांभळ्या-राखाडी रंगाचं लांबच लांब पान आलं की त्या रात्रीपुरतं पुरे. डेटाबेसला उद्या हात लावा. ‘ऱ्हस्व’ भरा, बाहेर काढा, तसंच्या तसं दिसलं की पुढे सरका. प्रत्येक पायरी चालल्याशिवाय नवीन काही टाकायचं नाही.

कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं गिटही शिकायचं आहेच, पण पहिलं पान चालल्यावर. आणि पान घरच्यांना दाखवायचं असेल तर लिंक पाठवू नका. फोन त्याच वायफायवर घ्या, कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ चालवून आयपीव्ही४समोरचा, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता बघा आणि लोकलहोस्टच्या जागी तो फोनवर टाका. फायरवॉलने विचारलं तर घरच्या नेटवर्कपुरती परवानगी द्या, हॉस्टेलच्या वायफायवर नको. झॅम्पच्या डेटाबेसला सुरुवातीला पासवर्डच नसतो.

अपाची तरीही विझला तर नेटस्टॅटमधली ८०ची ओळ आणि कंट्रोल पॅनेलच्या खालच्या चौकटीतला लाल मजकूर आहे तसा कॉपी करून इथेच टाका. मॉनिटरचा फोनने काढलेला तिरका फोटो नको, त्यात नेमका प्रोसेस क्रमांकच कापला जातो.